ब्रायन अ‍ॅडम्स शिलाँगला जातो, नाशिककर मुंबईला

२०२४ च्या डिसेंबरात कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स भारताच्या दौऱ्यावर आला. महिनाभर आधीच त्याला पासष्ट वर्षं पूर्ण झाली होती. कोलकाता, गुरुग्राम, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद ही दौऱ्यातली नावं कोणीही न विचारता सांगितली असती, कारण परदेशी कलाकार आला की थोड्याफार फरकाने हीच शहरं असतात. या वेळी यादीत शिलाँगही होतं. १० डिसेंबरला तो शिलाँगला गायला आणि १३ ला मुंबईत. नाशिकचे त्याचे चाहते मुंबईला गेले, परत आले आणि पुढचे आठ-पंधरा दिवस भेटेल त्याला त्या रात्रीबद्दल सांगत राहिले.

शिलाँगला रेल्वे जात नाही. गुवाहाटीला उतरून शंभरेक किलोमीटरचा डोंगरी रस्ता धरावा लागतो. २०११ च्या जनगणनेत शिलाँगची लोकसंख्या, भोवतालची उपनगरं धरूनही, साडेतीन लाखांच्या आसपास होती. नाशिक शहराची होती १४ लाख ८६ हजार. आपल्याकडे नाशिकरोडसारखं स्टेशन आहे, ओझरला विमानतळ आहे, २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पाही खुला झालाय. तरीही परदेशी कलाकार सोडाच, भारतातला एखादा जुना-जाणता रॉक बँड ऐकायचा म्हटलं तरी आपल्याला कसारा घाट उतरावा लागतो. असं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि 'नाशिकला पब्लिकच नाही' हे त्याचं ठरलेलं उत्तर मला मान्य नाही.

पब्लिक आहे, पण ते मुंबईच्या हिशेबात जमा होतं. आयोजक शहर निवडतो ते तिथलं मैदान भरेल का हे बघून. नाशिकचा माणूस मुंबईतलं तिकीट काढतो, मुंबईचं मैदान भरतो, आणि आयोजकाला दिसते ती मुंबईची गर्दी. नाशिकचा उत्साह नाशिकमध्ये कुठेच नोंदला जात नाही, कारण तो व्यक्त करायला इथे ना जागा आहे ना निमित्त. शिवाय असा उत्साह चारचौघांत दाखवायला आपल्याकडची माणसं बिचकतात, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

या चाहत्यांविषयी थोडं सांगायला हवं. रॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महागड्या गाड्यांतली, इंग्रजी शाळेतली पोरं येतात. नाशिकमधली वस्तुस्थिती वेगळी आहे. नव्वदच्या दशकात केबल घराघरांत पोचली, एमजी रोडवरच्या दुकानांत इंग्रजी कॅसेट मिळायला लागल्या आणि सिडको, सातपूर, नाशिकरोडच्या वसाहतींतल्या मुलांनी त्या एकमेकांकडून मागून ऐकल्या. माझ्या ओळखीचे एक काका नोट प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांच्याकडे तेव्हा घेतलेली ब्रायन अ‍ॅडम्सची कॅसेट आहे. टेप कधीच खराब झाली. पण डबीच्या आत घडी घालून ठेवलेला तो लांबट कागद, ज्यावर गाण्यांचे शब्द बारीक टाइपात छापलेले असायचे, तो त्यांनी अजून जपलाय. घड्यांवर लावलेली चिकटपट्टी पिवळी पडलीय. इंग्रजी ओळींच्या वर निळ्या पेनाने देवनागरीत उच्चार लिहिलेत, कारण शिक्षण मराठी शाळेत झालं होतं आणि गाणं तर शब्दन् शब्द म्हणायचं होतं. काही उच्चार चुकलेत. ते त्यांनी नंतर खोडून दुरुस्तही केलेले नाहीत. गाणं आजही ते तसंच म्हणतात. मुंबईला जाताना हा कागद त्यांनी शर्टाच्या खिशात घातला होता. मैदानातल्या अंधारात तो वाचता येणार नाही हे त्यांना माहीत होतं. बरोबर असावा, एवढंच.

परतीच्या गाडीत काका, त्यांची मुलगी, तिचा एक सहकारी आणि काकांचे प्रेसमधले जुने मित्र होते. पहाटे नाशिकला पोचेपर्यंत एकाचाही डोळा लागला नाही. कुठलं गाणं अपेक्षेपेक्षा आधी आलं, कुठल्या गाण्याला त्याने बँडला थांबवून नुसती गिटार घेतली, शेवटी सगळ्या मैदानाने एकच ओळ किती वेळ म्हटली, यावर वाद झाले. वडील आणि मुलगी यांच्यात बरोबरीच्या नात्याने एवढं बोलणं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं, हे काकांनी मला नंतर दोनदा सांगितलं.

लाइव्ह मैफल म्हणजे हे सगळं धरून. कानात इअरफोन घालून तेच गाणं हजार वेळा ऐकता येतं, आवाजही मैदानापेक्षा स्वच्छ येतो. तरी माणसं घाट उतरून जातात, कारण जे गाणं इतकी वर्षं आपलं एकट्याचं वाटत होतं ते अनोळखी हजारोंचंही आहे हे तिथे पहिल्यांदा अंगावर येतं. ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. जाण्याआधीची हुरहूर आणि आल्यानंतरचं सांगणं ही मैफलीचीच दोन टोकं आहेत, आणि ती मैदानावर नसतात, आपल्या गावात असतात.

आपल्या गावात या सांगण्याचं स्वागत कसं होतं? 'या वयात?' हा पहिला प्रश्न. तो ऐकणाऱ्याला असतो तसा गाणाऱ्यालाही. 'आता आवाज राहिलाय का त्याचा? लोक नावाला जातात.' हे बोलणारी माणसं शास्त्रीय संगीताची कदर करणारी असतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी गायला बसले तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. प्रकृती खालावलेली होती, आवाजात पूर्वीची ताकद नव्हती, आणि मंडपातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. तरी माणसं जिवाचा कान करून ऐकत होती. वय झालेल्या गवयाकडून काय घ्यायचं हे आपल्याला उत्तम कळतं: ताना कमी झाल्या तर सुराचा लगाव घ्यायचा, एखादी जागा हुकली तर त्या जागेकडे जाणारी वाट बघायची. मग हाच कान रॉक गायकापुढे बंद का करायचा? पॉल मॅकार्टनी १९४२ चा, बॉब डिलन १९४१ चा. दोघंही ऐंशी ओलांडल्यावरही दौरे करत राहिले. असे कलाकार गाण्याची पट्टी उतरवून घेतात, वरच्या सुरातली ओळ कधी श्रोत्यांवर सोपवतात, गाण्याची लय संथ करतात. डिलन तर आपलीच गाणी ओळखू येणार नाहीत इतकी बदलून गातो. चाहत्यांना हे सगळं कळतं, आणि त्याबद्दलच ते तासन् तास बोलतात. या बोलण्याला मी रसिकता म्हणतो. त्याला दुसरं नाव द्यायचं कारण मला दिसत नाही.

ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाच्या चाहत्यांनी या बोलण्याची एक संस्थाच उभी केली होती. त्याच्या मैफली तीन-तीन तास चालतात. २०१२ च्या जुलैअखेर हेलसिंकीत तो चार तासांहून जास्त गायला. गाण्यांची यादी रोज बदलते. लोक आवडत्या गाण्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहून उंच धरतात, तो त्यातला एखादा पुठ्ठा उचलून बँडला दाखवतो आणि ते गाणं सुरू होतं. साहजिकच काल कुठल्या गावात काय गायला याला किंमत येते. या चाहत्यांचं 'बॅकस्ट्रीट्स' नावाचं नियतकालिक १९८० मध्ये सुरू झालं आणि चार दशकांहून अधिक काळ मैफलींच्या नोंदी, वर्णनं, वाद असं सगळं छापत राहिलं. २०२३ च्या फेब्रुवारीत ते बंद झालं. कारण वाचून मला चटका बसला. २०२२ मध्ये त्याच्या दौऱ्याची तिकिटं मागणी वाढेल तशी किंमत वाढवत विकली गेली, काही तिकिटं हजारो डॉलरवर पोचली, आणि ज्यांनी आयुष्यभर या माणसाबद्दल लिहिलं त्यांनाच आता सामान्य चाहत्याला 'चला' म्हणणं जड जाऊ लागलं. गायक तोच होता, गाणी तीच होती. किमतीने चाहत्यांमधली बरोबरी मोडली आणि सांगण्यातला आनंद आटला.

आपल्याकडे हेच २०२४ च्या सप्टेंबरात कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या वेळी दिसलं. मूळ तिकिटं अडीच हजारांपासून होती, ती पाहता पाहता संपली आणि लगेच दुसरीकडे कित्येक पटींनी विकायला आली. लाखांचे आकडे ऐकू आले. प्रकरण पोलिसांपर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने सांगितलं की यावर कायदा-धोरण करणं हे सरकारचं काम आहे. ते सरकारने करायला हवं, आणि लवकर. नाशिकच्या माणसाला तर तिकिटाशिवाय गाडीभाडं किंवा मुंबईतला मुक्काम, दुसऱ्या दिवसाची रजा असा सगळा खर्च पडतो. कार्यक्रम दहाला संपतो, तोवर रात्रीच्या बहुतेक गाड्या सुटलेल्या असतात, आणि मध्यरात्रीनंतरची महानगरी पकडायची तर मैदानातून सीएसएमटी गाठेपर्यंत जीव टांगणीला लागतो. पगारदार माणसाने वर्षातून एकदाही हे करू नये अशीच ही सगळी रचना आहे.

म्हणूनच शिलाँगकडे नीट पाहायला हवं. 'तिकडे इंग्रजी आहे, चर्चमधलं समूहगान आहे, म्हणून रॉक आहे' असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. शिलाँगला लू माजॉ नावाचा रॉक गायक आहे, १९४७ चा जन्म, पांढरे लांब केस, अजूनही आखूड चड्डी घालून रंगमंचावर येतो. १९७२ पासून तो दरवर्षी २४ मे ला बॉब डिलनचा वाढदिवस गाणी म्हणून साजरा करतो. डिलन कधी शिलाँगला आला नाही. त्याची वाट बघत कोणी बसलंही नाही. एका माणसाने आपलं एखाद्या गायकावरचं प्रेम दरवर्षी उघडपणे मांडलं, लोक जमत गेले, मुलं ऐकत मोठी झाली, त्यांतल्या काहींनी बँड काढले. २००७ मध्ये स्कॉर्पियन्स हा जर्मन रॉक बँड तिथे वाजवून गेला. पुढे मेघालय सरकारने स्थानिक कलाकारांना मानधन देऊन सार्वजनिक जागी गायला लावण्याची योजना आणली. २०२४ मध्ये ब्रायन अ‍ॅडम्सच्या दौऱ्यात त्या गावाचं नाव आलं ते या इतक्या वर्षांच्या पायावर. शहराला मोठ्या मैफली मिळतात त्या आधी चाहत्यांनी शहर तयार केलं म्हणून. मी हे ठामपणे म्हणतो, कारण उलटा क्रम कुठे घडलेला मला दिसत नाही.

'ही आपली संस्कृती नाही' असं कोणी म्हटलं तर त्याने नाशिकचा इतिहास आठवावा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम करून राहिले. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं त्यांनी बाहेर काढलं, तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचं धाडस त्यांनी सौराष्ट्रात केलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडलीच होती. पैसे देऊन अनोळखी माणसांच्या शेजारी बसून गाणं ऐकायचं, ही आज आपल्याला इतकी आपली वाटणारी रीत त्या काळी परकी होती. आणि एकत्र ऐकण्याची आवड तर या गावाच्या हाडात आहे. गोदाघाटावर देवमामलेदारांच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे; मे महिन्याच्या उकाड्यात माणसं पायऱ्यांवर बसून भाषणं ऐकतात. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला अंधार असताना घरून निघालं तरच बसायला जागा मिळते. उघड्यावर, शिस्तीत, हजारोंनी जमून ऐकणं नाशिककराला कोणी शिकवायला नको.

सुला वायनरीच्या संगीत महोत्सवाबद्दल 'सुलाफेस्ट होतो की' हेही ऐकायला मिळतं. होतो. २००८ मध्ये सुरू झाला, मधली काही वर्षं खंड पडला, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा भरला. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत मोठा मंच, वीज, ध्वनियंत्रणा, बाहेरून आलेल्या हजारो लोकांची राहण्याची सोय हे सगळं नाशिकला जमतं, हे त्याने सिद्ध केलं, आणि त्याबद्दल त्याचं श्रेय द्यायला हवं. पण तो सहलीला येणाऱ्यांचा सोहळा आहे, प्रेक्षक मोठ्या संख्येने मुंबई-पुण्याहून येतो, आणि तिकीट सातपूरच्या कामगाराच्या मुलाला परवडणारं नसतं. गावाच्या कुशीत असूनही तो गावाचा झालेला नाही.

आवाजाचा मुद्दा मात्र मी हलक्यात घेणार नाही. रुग्णाला, परीक्षेच्या मुलाला, रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला शांतता मिळालीच पाहिजे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम स्पष्ट आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, रुग्णालय-शाळा-न्यायालयापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि सणा-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. मुंबईत रंगभवनसारखी सुरेख खुली जागा रॉकला गमवावी लागली ती रुग्णालयांशेजारी असल्यामुळे, आणि त्या निर्णयामागची गरज खरी होती. म्हणून गोल्फ क्लबच्या मैदानावर मैफली करा असं मी म्हणणार नाही. ते गावाच्या मधोमध आहे आणि सिव्हिल हॉस्पिटल जवळच आहे. मात्र नियम पाळून कार्यक्रम करणं मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या डीजेपेक्षा मैफलीला कितीतरी सोपं असतं. मैदानावरच्या मैफलीत स्पीकर उंचावर एकाखाली एक टांगून श्रोत्यांच्या दिशेने खाली वळवलेले असतात, आवाज मधोमध बसलेल्या ध्वनितंत्रज्ञाच्या हातात असतो, वेळ ठरलेली असते. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेनऊला संपवली तरी उत्तम मैफल होते.

जागा आता मागायची वेळ आहे, कारण सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्यासाठी रस्ते, पाणी, वीज, स्वच्छतागृहं, शहराबाहेरचे वाहनतळ यांवर हजारो कोटी खर्च होत आहेत. भाविकांची सोय हे त्याचं पहिलं काम, त्यात काहीही कमी होऊ नये. पण पर्व संपल्यावर शहराबाहेरच्या वाहनतळांपैकी एका जागेवर, जिथे वीज-पाणी आधीच पोचलेलं असेल, महापालिकेने कायमचा खुला मंच बांधावा. तपोवनातली झाडं तोडून नको. एका झाडाच्या बदल्यातही मला तो नको. पाच-सात हजार माणसं उभी राहतील एवढी सपाट जमीन, पाऊस झेलणारा पक्का मंच, ट्रक मंचाच्या पाठीमागे थेट लागेल असा रस्ता, आणि कार्यक्रम सुटल्यावर सीबीएस आणि नाशिकरोडला जाणाऱ्या सिटी बस. कालिदास कलामंदिर नाटकासाठी उत्तम आहे, पण खुर्चीला खिळून रॉक ऐकता येत नाही.

आणि तिकीट पाचशेच्या आत ठेवावं. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, वर गेलं की अठरा टक्के लागतो. म्हणजे सरकारी हिशेबातही ही रेघ सामान्य माणसासाठीच ओढलेली आहे. पाचशेत परदेशी तारा येणार नाही, हे मी जाणतो. पण १९९० मध्ये उभा राहिलेला इंडियन ओशन बँड, १९९१ चा परिक्रमा हेही आता ज्येष्ठच आहेत. त्यांची तीस-पस्तीस वर्षांची गाणी ऐकत वाढलेली माणसं नाशिकमध्ये आहेत. वर्षातून चार कार्यक्रम इथे भरून झाले की आयोजकांच्या वहीत नाशिकचं नाव आपोआप चढेल.

महापालिका काय करेल ते करेल. चाहत्यांच्या हातातली गोष्ट वेगळी आहे आणि तिला मंजुरी लागत नाही. शहरात गिटार शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, कॉलेजांचे बँड दरवर्षी निघतात आणि गॅदरिंग झालं की विस्कटतात, पन्नाशी-साठीतले चाहते घरात एकेकटे ऐकत बसतात. ही माणसं एकमेकांना ओळखतच नाहीत. ब्रायन अ‍ॅडम्सचा वाढदिवस ५ नोव्हेंबरला असतो. त्या संध्याकाळी गंगापूर रोडला किंवा सिडकोत एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये, ध्वनिक्षेपक न लावता, पन्नास-साठ जणांनी जमावं आणि येतील ती गाणी म्हणावीत. शब्द चुकले तरी चालतील, आवाज बसला तरी चालेल, वयाची अट अजिबात नको. दिवाळीच्या सुट्टीत हॉल रिकामे मिळणं अवघड असतं, तेव्हा जागा आधी धरून ठेवायला हवी आणि ओळखीच्या गिटारवाल्यांना आत्ताच सांगून ठेवायला हवं.